शेठ, काहीतरी चूक काढा

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या माहेरी सगळ्यांचाच तसा. मिरचीच्या वाफ्यात उभं राहून पार विहिरीवरच्या माणसाला जेवायला हाक मारायची, तर कुजबुजून कसं चालेल? लग्न होऊन नाशिकला आले, फ्लॅटमध्ये राहायला लागले, तरी आवाज मळ्यातलाच राहिला. मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून "चहा घेणार का?" विचारलं की खालच्या मजल्यावरच्या काकू "नको गं, आत्ताच झाला" म्हणतात.

हा आवाज घेऊन मी दिंडोरी रस्त्याच्या एका पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. परदेशी जाणारी द्राक्षं आमच्याकडे येतात. थंडगार हॉलमध्ये स्वेटर, त्यावर अ‍ॅप्रन आणि डोक्याला जाळीची टोपी घालून बायका टेबलाशी उभ्या असतात. घडातले बारके, चिरलेले, डागाळलेले मणी कात्रीनं काढायचे आणि घड डब्यात भरायचा, एवढंच काम. पण घड देठालाच धरायचा. मण्यांवर पांढुरका थर असतो, त्याला बोट लागलं की तो पुसला जातो आणि घड शिळा दिसायला लागतो. त्यात एखादा सडका मणी राहिला तर बोटीतून पोचेपर्यंत अख्ख्या डब्याची वाट लागते. म्हणून मी ओरडते. "देठ! देठाला धर! तुझ्या पोराचा गाल आहे का तो?" बायका हसतात, देठाला धरतात, काम पुढे जातं. कुणी मनाला लावून घेत नाही. निदान घेत नव्हतं.

मग यंदाच्या हंगामात सुरगाण्याकडची एक बाई कामाला आली. तिशीची असेल. नवरा बांधकामावर, दोन्ही मुली इथल्याच शाळेत. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं, "मॅडम, मुलींची परीक्षा होईपर्यंत तरी काम पायजे. नायतर गावाला जावं लागंल, शाळा सुटंल." बोलणं एवढं हळू की मला दोनदा विचारावं लागलं.

तिच्या हाताला वळण होतं, पण मनात भीती होती. खराब मणी राहायला नको म्हणून ती शेजारचा चांगलाही काढायची, आणि मग आपण चुकलो की काय म्हणून त्याच्याही शेजारचा. शेवटी घडाचा नुसता सांगाडा उरायचा. मी एकदा पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालंच, "अगं बाई, घडाचं टक्कल केलंस की!" सगळा हॉल हसला. तिच्या हातातली कात्री खाली पडली. कात्री उचलून तिनं पुढचा घड घेतला आणि त्याचं त्याहून मोठं टक्कल केलं.

त्याच आठवड्यात आमचे शेठ गंगापूर रोडच्या एका हॉटेलात शिबिराला जाऊन आले. विषय होता, माणसांकडून प्रेमानं काम कसं करून घ्यावं. आल्या आल्या त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुमचा आवाज पार्किंगमध्ये येतो. ड्रायव्हर लोक गाडी लावताना तुमच्या आवाजानं दचकतात. आजपासून ओरडणं बंद. राग आला की आधी एक घोट पाणी प्यायचं, मग बोलायचं. शिबिरात सांगितलंय."

"बरं," मी म्हटलं.

"आणि ती नवीन बाई फार माल वाया घालवते. शनिवारी मी स्वतः तिचा डबा उघडून बघणार. जमत नसेल तर तिला थांबवू." हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं की मी चक्क मान डोलावली. म्हणजे शनिवारपर्यंत मी तिला तयार करायचं, आणि तेही तोंडाला कुलूप लावून! मला तिथेच पाणी प्यावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बाटली घेऊन हॉलमध्ये फिरायला लागले. कुणी मण्यांना हात लावला, एक घोट. कुणी टोपी मागे सरकवून केस बाहेर काढले, एक घोट. दोघी घड हातात धरून सिरियलमधल्या सासूची मापं काढत होत्या, तिथे दोन घोट. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाटली दोनदा भरून झाली आणि बाथरूमच्या चकरा किती झाल्या ते विचारू नका. हॉलमध्ये सगळ्यात जुन्या म्हणजे ओझरच्या मावशी. त्यांनी हे सगळं टिपलं आणि संध्याकाळपर्यंत निदान पक्कं झालं, मॅडमला शुगर झाली! सारखं पाणी, सारखं बाथरूम, आणि आवाजही गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मेथीची पावडर, कारल्याची भाजी आणि जांभळाच्या बियांचं चूर्ण हजर. एकीनं तर माझ्या हातातला पेढा काढून घेतला.

नव्या बाईशी मी सगळ्यात गोड बोलायची. तिच्यामागे उभी राहायची, पाणी प्यायची आणि म्हणायची, "छान. छान चाललंय हं." काय डोंबलाचं छान चाललं होतं! टक्कल होतंच. ती पलीकडे वळली की मी तिचे घड गुपचूप उचलायची आणि चांगले भरलेले घड तिच्या डब्यात ठेवायची. मला वाटायचं, जरा धीर आला की आपोआप सुधारेल. ती मात्र दिवसेंदिवस बारीक होत चालली. मी "छान" म्हटलं की तिचे डोळे भरून यायचे. मला वाटायचं, कौतुकानं भरून येतात. मनात म्हणायची, शिबिरवाल्यांचं काही अगदीच चुकीचं नाही.

शुक्रवारी जेवणाची सुट्टी संपली आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. धुतलेला अ‍ॅप्रन, टोपी आणि पुसून स्वच्छ केलेली कात्री तिनं माझ्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, जाते मी. उद्या-परवा काढायपरीस आजच जाते."

"कोण काढतंय तुला?"

तिनं मान खाली घातली. "तुम्ही ओरडंना झाल्या ना माझ्यावर."

मी मावशींकडं बघितलं. मावशी टोपी नीट करत म्हणाल्या, "आता कसं सांगू मॅडम? गेल्या हंगामाला ती लांबनं येणारी पोरगी तुम्ही काढली, तिला चार दिस आधीपास्नं किती गोड बोलत होता! चहा पाजला, पाठीवरनं हात फिरवला, आन मग काढली. तवापास्नं हॉलात समद्यांना ठाव हाय. मॅडम ओरडत्यात तवर आपली नोकरी हाय. गोड बोलल्या की पिशवी भरायची."

"आणि हे तुम्ही हिला सांगितलंत?"

"ती इचारत होती तर! आम्हाला वाटलं, शुगरमुळं गोड बोलतायत. पण तिला म्हटलं, तुझं काय खरं नाय."

बाटलीत पाणी होतं. पण मी हात लावला नाही. "मावशी!" असं काही ओरडले की पार्किंगमधल्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "अख्ख्या आठवड्यात एकीला मला येऊन विचारावंसं वाटलं नाही? कारली आणून घालताय टेबलावर!" सगळ्या बायकांच्या चेहऱ्यावर अशी काही टवटवी आली की विचारता सोय नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "आल्या गं आल्या, मॅडम बऱ्या झाल्या."

ती मात्र तिथेच रडत उभी होती. माझाच आवाज खाली आला. तिच्या हातात कात्री दिली, तिला टेबलाशी नेलं आणि खरं काय ते सांगितलं. "तुझे घड चांगले नाहीत. मी खोटं बोलले. उद्या शेठ तुझा डबा बघणार आहेत, आणि आज जमलं नाही तर तुझं काम जाईल. कळलं?"

आठवडाभर "छान" ऐकून रडणाऱ्या या बाईनं हे ऐकून डोळे पुसले. "मग आधी सांगायचं ना मॅडम. चुकतं ते सांगा. गोड नका बोलू, मला लय भ्या वाटतं."

तिची चूक कात्रीच्या घाईत होती, म्हणून मी म्हटलं, कापायचं नाही, नुसतं कात्रीचं टोक मण्याला दाखवायचं आणि मला विचारायचं. ती म्हणायची, "हा?" मी म्हणायची, "नको." "हा?" "काढ." "हा?" "अगं, तो चांगला आहे, राहू दे त्याला." पहिला घड व्हायला इतका वेळ लागला की शेजारच्या टेबलाचं क्रेट संपलं. मी ओरडले नाही आणि गोडही बोलले नाही. ओरडण्याएवढा श्वासच शिल्लक नव्हता, ही पण एक बाजू. हळूहळू ती "हा?" विचारायची आणि माझ्या आधी स्वतःच "नको" म्हणायची. संध्याकाळी तिनं न विचारता एक घड केला आणि देठाला धरून माझ्यासमोर उंच केला. भरलेला, गोलसर, कुठे भोक नाही. मी म्हटलं, "हा बरोबर आहे." "छान" म्हणायचं मी मुद्दाम टाळलं.

शनिवारी शेठ आले. हॉलमध्ये कात्र्यांचा आवाजही थांबला. त्यांनी तिचा डबा उघडला, एकेक घड देठाला धरून उचलला, वळवून बघितला, परत ठेवला. सगळा डबा बघून झाल्यावर माझ्याकडं बघून मान डोलावली, तिच्याकडं बघून हसले आणि एक शब्द न बोलता केबिनकडे निघाले. मला इतका आनंद झाला की नाचावंसं वाटलं.

ती माझ्याजवळ आली, चेहरा पांढराफटक. "मॅडम, शेठ कायच बोलले नाय. हसून गेले. मला काढली ना?"

मी काय सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं, आणि पटावं तरी का? आठवडाभर हसत हसत खोटं मीच बोलले होते. मी तशीच धावत सुटले आणि केबिनच्या दारात शेठना गाठलं.

"शेठ, परत चला. तिच्या डब्यात काहीतरी चूक काढा."

"अहो, डबा चांगला आहे."

"म्हणूनच म्हणते! तिला वाटतंय, तुम्ही तिला काढलं. शिबिराचं नंतर बघू, आधी चूक काढा."

शेठ माणूस भला. परत आले, चष्मा लावला, डबा उलटसुलट फिरवला. एक घड बघितला, दुसरा बघितला. कपाळाला घाम आला, त्या थंड हॉलमध्ये! शेवटी त्यांनी डब्यावरच्या लेबलावर बोट ठेवलं आणि शक्य तेवढं कडक होत म्हणाले, "हे लेबल वाकडं लागलंय. सोमवारपासून असं चालणार नाही."

सोमवारपासून! तिचा चेहरा असा काही उजळला की मला समोरचं नीट दिसेना. "सरळ लावते शेठ," ती म्हणाली. हॉलच्या त्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं, इतकी मोठ्यानं.

लेबल अगदी सरळ होतं. तरी तिनं ते काढलं आणि परत लावलं.