अळणी नैवेद्य

माझ्या आत्याला सगळे अंदाजेआत्या म्हणतात. तिला स्वयंपाकातलं काहीही विचारा, उत्तर एकच. हळद किती? अंदाजाने. पाणी किती? अंदाजाने. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, पण अंदाजाने म्हणजे किती?" तर म्हणाली, "ज्याला हे विचारावं लागतं, त्याने स्वयंपाकघरात येऊच नये." तेव्हापासून मी वाढायचं काम धरलं.

इथे परदेशात आमचं देऊळ म्हणजे टायरच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल. जिना चढला की चपलांचा कोनाडा, मग हॉल, समोर पडद्यामागे देव. एका बाजूला स्वयंपाकघर आणि मध्ये ताटं सरकवायची खिडकी. दर रविवारी दुपारी साठ-सत्तर माणसं जेवतात. भात, डाळ, एक भाजी आणि खीर. बावीस वर्षं हा स्वयंपाक आत्याच करते आहे. तिचे यजमान गेले तेव्हा ती आमच्याकडे राहायला आली आणि सोमवार ते शनिवार ती माझ्या संसारात नाक खुपसते. पण रविवारी पदर खोचून ती त्या शेगडीसमोर उभी राहिली की तिचा रुबाब बघण्यासारखा असतो. घरात तिला कोणी विचारत नाही असं नाही, पण तिथे तिच्यावाचून पान हलत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

आता आमच्यातला एक नियम सांगायला हवा. नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न चाखायचं नाही. "पाहुण्याच्या ताटात आपण आधी बोट घालतो का?" आत्या म्हणते. "मग हा तर देव." पुजारीकाकांच्या मते तर वाससुद्धा घ्यायचा नाही. त्यावर आत्याचं म्हणणं, "मी कुठे घेते? वाफ आपण होऊन नाकात शिरली तर तिला हाकलून देऊ का?"

खरी मेख तिथेच होती. हात मीठ टाकायचा आणि नाक तपासायचं. अळणी डाळीची वाफ कच्ची येते, असं ती सांगायची. मला ती कधी कळली नाही, पण तिचं मीठ कधी चुकलं नाही हेही खरं.

मागच्या थंडीत ती पंधरा दिवस तापाने अंथरुणाला खिळली. उठली ती खडखडीत बरी होऊन, असं आम्हाला वाटलं. पुढच्या रविवारी मी डाळभाताचा पहिला घास घेतला आणि मान वर केली, तर समोरून पुजारीकाका माझ्याकडेच बघत होते. डाळ ठार अळणी! आम्ही दोघांनीही माना खाली घातल्या आणि जेवलो. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही.

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. दुसरं कारणही होतं गप्प बसायला. देवळाच्या अध्यक्षांच्या डोक्यात कधीपासून केटरर घोळत होता. "वय झालं आता त्यांचं," असं ते दर बैठकीत अगदी काळजीच्या सुरात म्हणायचे. ते स्वतः नुसती खीर खाऊन निघत, म्हणून त्यांना पत्ता नव्हता. कळलं असतं तर आत्याची शेगडी गेलीच म्हणून समजा. आणि शेगडीशिवाय आत्या मला नुसती डोळ्यांसमोर आणवत नव्हती.

तेव्हा मी तिसऱ्या रविवारी कागदाच्या पुडीत मीठ नेलं आणि मांडीआड धरून हळूच ताटात टाकलं. मला वाटलं, मीच काय ती चोर. शेजारी बघते तर शिंपीकाकांच्या खिशातून पुडी निघाली. पुजारीकाकांची तर हातरुमालाच्या गाठीत होती. महिनाभरात अख्खी पंगत पुड्या घेऊन यायला लागली. कोणी कोणाला काही बोललं नाही. आत्या खिडकीतून डोकावून विचारायची, "जमलंय का रे?" आणि साठ माणसं एका सुरात म्हणायची, "फक्कड!" असे सात महिने गेले.

मी हॉस्पिटलात नोंदणीच्या टेबलावर बसते. तिथल्या मोठ्या सिस्टर एक दिवस म्हणाल्या, "तुमच्या लोकांचं काय असतं ते आमच्या मुलींना जरा दाखवा ना. बाळ झालं, कोणी गेलं, की आमची तारांबळ उडते. काय चालतं, काय नाही, काही कळत नाही." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं आणि रविवारी दहा नर्स आणि त्या, अशी वरात देवळात आणली.

आणि मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. चपला बाहेर का? प्रदक्षिणा देवाला उजवीकडे ठेवूनच का? बाळाचं नाव बाराव्या दिवशीच का ठेवता? माणूस गेल्यावर तेरा दिवस का धरता? जन्मभर मी हे सगळं केलेलं, पण 'का' हा शब्द आला की मी पुजारीकाकांकडे बोट दाखवायची. त्यांनाही एकदोनदा घाम फुटला. मोठ्या सिस्टर मात्र वहीत सगळं शिस्तीत लिहून घेत होत्या. न चाखण्याचा नियमही त्यांनी लिहिला. तो त्यांना फार आवडला.

एक गोष्ट सांगायची मी साफ विसरले. प्रसादाला नावं ठेवू नयेत, ही.

पंगत बसली. पाहुण्या आल्या म्हणून त्या दिवशी अध्यक्षही पूर्ण ताट घेऊन बसले होते. मोठ्या सिस्टरनी दोन घास शांतपणे खाल्ले, वही उघडली आणि मला खणखणीत आवाजात विचारलं, "देवाच्या जेवणात मीठ चालत नाही, असं लिहू ना?"

साठ हात साठ पुड्यांवर थांबले. नाही म्हणावं तर आत्याची शेगडी गेली. मी म्हटलं, "हो. तसंच लिहा."

"कोण म्हणतं चालत नाही?"

आत्या खिडकीत उभी होती. नियमाच्या बाबतीत खोटं तिला खपत नाही. ती तरातरा बाहेर आली, माझ्याच ताटातली डाळ बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाली, "व्यवस्थित आहे की मीठ!"

कोणी तिच्याकडे बघेना. मोठ्या सिस्टर उठल्या, तिचा हात धरून हळूच म्हणाल्या, "आजी, तोंडाची चव कधीपासून गेली?"

आत्याने बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "तापापासून. ना वास, ना चव. मीठ जास्त पडलं तर लोक उपाशी उठतील, म्हणून भीतभीत टाकत होते." तेवढ्यात तिची नजर शिंपीकाकांच्या पुडीवर गेली. मग पुढच्या पुडीवर. पंगतीच्या टोकापर्यंत. "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"प्रसादाला नावं कशी ठेवणार, आत्या?" पुजारीकाका म्हणाले.

"तुमच्याजवळ पुड्या होत्या हो," आत्याचा आवाज फुटला. "त्याच्याजवळ कुठे होती? सात महिने मी देवाला अळणी जेवू घातलं."

मला रडूच कोसळलं. शेगडी जाईल याची भीती आम्हाला होती. तिला खुपत होतं ते निराळंच.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "मी म्हणतच होतो, केटरर..."

"एक मिनिट," मोठ्या सिस्टर वहीची पानं उलटत म्हणाल्या. "देव जेवल्यावर चाखायला हरकत नाही ना? मग आधी एक वाटीच दाखवा त्याला. ती प्रसाद झाली की कोणीतरी चाखा, मीठ नीट करा, आणि मग पूर्ण ताट दाखवा."

सगळे पुजारीकाकांकडे बघायला लागले. ते बराच वेळ पोट खाजवत राहिले. "दोनदा जेवला म्हणून देव काही तक्रार करणार नाही," ते शेवटी म्हणाले. अध्यक्षांनी हळूच शिंपीकाकांकडे मीठ मागितलं आणि जेवायला लागले. केटररचं नाव त्यानंतर निघालं नाही.

पुढच्या रविवारी डाळीची छोटी वाटी पडद्याआड गेली. घंटा वाजली, पडदा सरला आणि वाटी माझ्या हातात आली. मी एक घोट घेतला. आत्या माझं तोंड निरखत होती. सात महिने हेच तोंड तिला फक्कड म्हणत आलं होतं.

"आता खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "प्रसाद आहे हातात."

"कमी आहे, आत्या."

तिने मिठाचा डबा उघडला, मूठ भरून पातेल्यावर धरली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "किती गं?"

अंदाजाने म्हणायची मला केवढी सुरसुरी आली होती! पण मी जवळ गेले, तिच्या मनगटाखाली हात धरला आणि म्हटलं, "सोड थोडं. आणखी. आणखी थोडं. बस."