उकळलेलं हिरवं पाणी

दुष्काळाच्या साली म्हसवडजवळच्या एका वाडीवर मी मास्तर म्हणून गेलो. मी आष्ट्याचा, तिथं ओळखीचं कोणी नाही. बोलायला एक कुत्री तेवढी होती. संध्याकाळी मी तिला अख्खी नाटकं म्हणून दाखवायचो. राजा मीच, राणीही मीच! ती शेवटपर्यंत बसून ऐकायची.

उन्हाळ्यात तळ्यावर रंग ओतल्यासारखी हिरवी साय आली. शेजारचे म्हातारबा म्हणाले, "मास्तर, त्या पाण्यावर आमी गुरंबी सोडत न्हाई. आडाचं आणा."

आड मैलभर लांब. मी ऐटीत म्हणालो, "आवं, उकळलं की सगळे जंतू मरतात!"

"जंतू मरत्याल. इख कसं मरंल?"

मी हसलो. पाणी धोतराच्या घडीतून गाळलं, तुरटी फिरवली, खळखळ उकळलं, निववलं आणि पहिला मान म्हणून कुत्रीपुढे ठेवलं. तासाभरात तिचे पाय लटपटले. दिवस मावळायच्या आत ती गेली. तसल्या शेवाळाचं विष उकळून जात नाही, हे पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं.

म्हातारबा कुदळ घेऊन आले आणि खड्डा खणू लागले.

दुसऱ्या दिवसापासून मी आडावर जाऊ लागलो. एक घागर मला एकट्याला दोन दिवस पुरायची.