एक जागा आणि सासूबाईंच्या गोळ्या

मला तिचा हेवा वाटत होता आणि अजूनही वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं सारवासारव करायला नको. ती माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. आटपाडीची. सांगलीच्या आमच्या फार्मसी कॉलेजात माझ्याच विभागात, माझ्याच हाताखाली लागली. पहिल्या वर्षी तिला प्रॅक्टिकलच्या बॅचेस कशा पाडायच्या तेही मीच शिकवलं.

त्या साली आमच्या कॉलेजचा एका परदेशी विद्यापीठाशी करार झाला. तिकडच्या एक प्राध्यापक बाई आणि दोन विद्यार्थिनी पंधरा दिवस इकडं येणार, इथली माणसं औषधं कशी घेतात ते घरोघरी जाऊन बघणार. नंतर आमच्यातलं कुणीतरी एक जण सहा महिने तिकडं शिकवायला जाणार. जागा एकच, आणि वयाची अट पन्नासची. मला एकोणपन्नासावं चालू होतं. माझी ही पहिली आणि शेवटचीच संधी, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तिनं अर्ज भरला. "मॅडम, मी पण टाकला बरं का," असं हसत सांगून गेली, जणू सहलीला नाव दिलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडानं मात्र मी म्हटलं, "छान केलंस गं."

पाहुण्यांना आपले रीतिरिवाज समजावून सांगायचं काम माझ्याकडं होतं. मी चाळीस स्लाइड केल्या. चपला कुठं काढायच्या, चहाला नको का म्हणायचं नाही, मान कशी हलली की हो समजायचं. त्यातली एक स्लाइड मला स्वतःलाच फार आवडली होती. इथली माणसं पाहुण्यासमोर घरातलं उणं बोलत नाहीत, म्हणून पहिल्या उत्तरावर थांबू नका, असं तिच्यावर लिहिलं होतं. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. आमची आटपाडीची ती मागच्या बाकावर बसून काहीतरी खरडत होती. शिकतेय बिचारी, असं मला वाटलं.

घरं निवडायची वेळ आली तेव्हा पहिलं घर मी माझं सासरच दिलं. उंब्रजपासून चार किलोमीटरवर. घर स्वच्छ, सासूबाई बोलक्या. दीर फौजेत, त्यामुळं सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या लष्करी दवाखान्यातून तीन-तीन महिन्यांच्या एकदम येतात. औषधाची आबाळ होण्याचा प्रश्नच नाही. माझ्या घरात काय निघणार, अशी माझी खात्री होती. थोडं मिरवायचंही होतं, ते का लपवू.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या दिवशी त्यांनी इरकल नेसलं होतं आणि सगळ्यांना खुर्च्या मांडल्या होत्या. मी बाईंच्या शेजारी बसले, दुभाषी म्हणून. आमच्याबरोबर आलेली ही आटपाडीची पोर मात्र सरळ जाऊन आत्यांच्या जवळ खाली बसली आणि त्यांच्यापुढच्या सुपातल्या पावट्याच्या शेंगा सोलायला लागली. मला तेही खुपलं. आमच्या घरात मी कधी अशी बसले नव्हते.

बाईंनी विचारलं, गोळी रोज घेता का? आत्या म्हणाल्या, "घेते की." मी सांगितलं. मग ही शेंग सोलता सोलता म्हणाली, "आवं आत्या, तीन महिन्यांचं पाकीट तीन महिनं पुरतं का?"

आत्या खुलल्या. "कुठलं पुरतंय? समोरची जाऊ कालवण धाडती. तिची वाटी मोकळी कशी परत द्यायची? घरात काय नसलं तर चार गोळ्या घालती वाटीत. तिला बी चक्कर येती. मागल्या आळीला एक हाय, तिला बी देती. मग माज्या म्हैनाभर आधीच सपत्यात. सपल्या की थांबायचं, नव्या येस्तवर."

माझे कान गरम झाले. वीस वर्षं मी पोरांना शिकवतेय की रक्तदाबाची गोळी मध्येच बंद करू नये आणि दुसऱ्याला तर देऊच नये. आणि माझ्याच घरात ती वाटीत घालून वाटली जात होती. बाईंनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "नियमित घेतात म्हणतात. आणि जेवून जा म्हणतात."

हिनं मान वर करून एकदा माझ्याकडं पाहिलं. परत शेंगा सोलायला लागली. चिडावं तर तिनं काही केलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आठवडाभरानं मुलाखती झाल्या. बाईंचा स्वभाव शांत, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी मला एकच अवघड प्रश्न विचारला. "तुमच्या सासूबाई बराच वेळ बोलल्या आणि तुम्ही मला दोन वाक्यं सांगितलीत. मधलं काय होतं?" त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. दार उघडं होतं, बाईंनीच उघडलं होतं. मी म्हटलं, "घरगुती बोलणं होतं. भाजीबिजीचं." त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची नव्हती, एवढं मला कळलं.

जागा तिला मिळाली.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिनंच जाऊन सांगितलं असणार, ही माझी पक्की समजूत. तिसऱ्या दिवशी तिला प्रयोगशाळेत गाठून सरळ विचारलं. हातातलं चंचुपात्र खाली ठेवून ती म्हणाली, "मलाही विचारलं त्यांनी. मी म्हटलं, घर मॅडमचं आहे, मॅडमच सांगतील." मग ड्रॉवरमधून तिनं मुलाखतीत दिलेल्या टिपणाची प्रत काढून माझ्या हातात ठेवली. दोनच पानं. सगळं तिच्या आईबद्दल. आटपाडीचा उन्हाळा आणि गोळ्या उष्ण पडतात, म्हणून तिची आई चैत्रापासून पाऊस येईपर्यंत मधुमेहाची गोळी बंद ठेवायची. आणि खाली लिहिलं होतं की मी औषधशास्त्र शिकवते, मला हे दोन वर्षं कळलं नाही, कारण मी आईला गोळी घेतलीस का एवढंच विचारायचे आणि ती हो म्हणायची.

वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो हेवाच, आणि आधीपेक्षा जास्त. परदेश राहू दे बाजूला. आपल्या आईचं आणि आपलं उणं असं चारचौघांत मांडून ही पोर रात्री स्वस्थ झोपत होती, याचा हेवा. मी कागद परत दिला आणि म्हटलं, "इंग्रजीत दोन चुका आहेत." खरंच होत्या.

रविवारी मी एकटीच उंब्रजच्या एसटीत बसले. राग कुठंतरी काढायचा होता. आत्या अंगणात बसल्या होत्या. मी पायरीवर उभी राहूनच म्हटलं, "आत्या, तुमच्या गोळ्यांपायी माझं परदेशी जाणं हुकलं. कशाला वाटत बसता लोकांना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या नाहीत, नुसत्या गोंधळल्या. "तुज्यासाठीच देत हुते की गं."

"माझ्यासाठी?"

"सून औषधाच्या कॉलेजात मास्तरीण हाय म्हनल्यावर समदी माज्याच दारात येत्यात. न्हाई म्हनलं तर तुलाच नावं ठेवत्याल. शिकली पन माणुसकी न्हाई, म्हनत्याल."

"मग मला विचारायचं तरी एकदा."

"कवा इचारू? तू येतीस ती घड्याळ बघतच येतीस. त्या दिशी पयल्यांदा माज्याजवळ दोन तास बसलीस, ती बी पावण्यांसंगं, खुर्चीवर." आवाजात टोमणा नव्हता. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या.

परतीची गाडी दीड तासानं होती. मी पर्स ओट्यावर ठेवली, त्यांच्याजवळ खाली बसले आणि विचारलं, "कुणाकुणाला देता, आत्या?"

त्यांनी समोरच्या घरापासून सुरुवात केली. आळी संपेपर्यंत मी मध्ये एक शब्द बोलले नाही, आणि परतीची गाडी निघून गेली.