शनिवारचे पेशंट

लिफ्टमध्ये आईशी फोनवर बोलता बोलता मला शिंक आली. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाई चक्क मराठीत म्हणाल्या, “किती दिवसांपासून?” बाराव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत त्यांनी माझी झोप, जेवण आणि लायब्ररीतला एसी, सगळं काढून घेतलं होतं. या सुनेत्राकाकू. सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या.

बार्शीत सोळा वर्षं त्यांचा दवाखाना होता. काकांना इथल्या शिपयार्डात नोकरी लागली आणि दवाखान्याला कुलूप. त्यांच्या डिग्रीवर इथं प्रॅक्टिस करता येत नव्हती. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत, फक्त हॉकर सेंटरमध्ये खायला गेलं की माणसांकडे फार वेळ बघत बसत. “त्या आजोबांचा डावा गुडघा बघ. बसताना टेबल धरतात.” तोवर त्यांची कॉफी गार झालेली असायची.

अठराव्या वर्षी मेडिकलनं मला नाकारलं होतं. मग लाइफ सायन्सेस घेऊन डिग्रीनंतर पुन्हा अर्ज करायचा, असं ठरवलं. तीच शेवटची संधी होती. तिसऱ्या वर्षापर्यंत पुस्तकं पाठ झाली, पण मुलाखतीत समोर खोटा पेशंट बसवतात, त्याच्या नुसत्या कल्पनेनं माझी बोबडी वळायची. काकूंना हे कळलं.

“शनिवारी दहाला खाली ये. वही आणू नकोस.”

तेव्हापासून दर शनिवारी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवरच्या दगडी टेबलापाशी काकू पेशंट होऊन बसायच्या. कधी तंबाखू लपवणारा कंडक्टर, कधी सुनेसमोर अवाक्षर न काढणारी सासू. सगळे बार्शीच्या दवाखान्यात खरोखर आलेले, नावं तेवढी बदललेली. कंडक्टर झाल्या की काकू बसल्या जागी पाय फाकवून, मान वाकडी करून बोलत. शेजारच्या टेबलावरचे बुद्धिबळवाले चिनी आजोबा डाव सोडून बघत राहायचे. मी घाईनं निदान सांगितलं की काकू कंडक्टरमधून बाहेर येत. “अगं, तो अजून दारातच उभा आहे, तू गोळ्या कसल्या देतेस? आणि दिवसभर काय करता, ते विचारलंस? अर्धं दुखणं तिथं असतं.”

मुलाखतीच्या आधीच्या शनिवारी काकू पन्नाशीची एक बाई झाल्या. झोप नाही, भूक नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं.

“किती दिवसांपासून?” मी विचारलं.

“तीन वर्षं.”

काकांची नोकरीही तेवढीच जुनी होती, पण माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. मी थायरॉइड, हीमोग्लोबिन, पाळी, सगळं विचारून दमले. बाई वाट बघत होत्या.

“एक राहिलं.”

मी जीभ चावली. “दिवसभर काय करता?”

“काही नाही.”

तो पेशंटचा आवाज नव्हता. मी त्यांचा हात धरला. पुढचा प्रश्न मला सुचेना, रडू मात्र यायला लागलं.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “थांबलीस ते बरं केलंस. तिथंही घाई करू नकोस.”

मी घाई केली नाही आणि मला प्रवेश मिळाला. ते सांगायला गेले तेव्हा काकूंच्या हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्या होत्या. काका नोकरीचा पास संपेपर्यंत इथं राहणार होते, काकू मात्र बार्शीला निघाल्या होत्या. “कुलूप उघडतंय का बघते,” म्हणाल्या.

उघडलं. आता त्यांना फोनवर बोलायलासुद्धा सवड नसते. याचा मला मनापासून आनंद आहे, आणि तरी शनिवारी दहा वाजले की मी खाली जाऊन त्या टेबलापाशी बसते. परवा तिथूनच फोन लावला. पलीकडे कुणीतरी खोकत होतं, मूल किंचाळत होतं.

“बोल पटकन, काय होतंय?”

“काही नाही काकू. तुमची फार आठवण येते.”

मग पहिल्या दिवशीच्या, लिफ्टमधल्या त्याच आवाजात त्यांनी विचारलं,

“किती दिवसांपासून?”