वास बघा जरा

मूठभर माती नाकासमोर धरायची आणि म्हणायचं, "वास बघा जरा." कुरकुंभच्या या आबांची गाठ पडली असती, तर तुमचीही यातून सुटका झाली नसती. केमिकल कंपनीत जन्मभर शिफ्टा करून त्यांना स्वतःला वास येणं कधीचंच बंद झालं होतं.

हायवेलगतच्या त्यांच्या एकरभर रानात तेलाचा टँकर उलटला आणि माती काळी, चिकट होऊन बसली. तेल खाणारे जिवाणू त्या मातीत सोडायचं काम आमच्याकडे आलं. शेणखत घालायचं, ओल राखायची, हवा लागावी म्हणून माती सारखी वरखाली करायची. गोठ्यातल्या जनावरांचं करावं तसं आबा हे सगळं करायचे. "आज एकादशी हाय, आन् ह्यांचं खानं चालूच," असं मातीकडे बोट दाखवत मला हसत सांगायचे.

थोरल्या मुलाने मात्र बजावलं होतं, यंदा बाजरी आली तर रान ठेवू, नाहीतर टँकर उभे करायला भाड्याने देऊ.

मी माती तपासायला गेलो की आबांची मूठ पुढे यायची. मी म्हणायचो, "येतोय अजून. यंदा पेरू नका, आबा." त्यांना ते रुचायचं नाही. मग ते दूधवाल्याला थांबवायचे, वरवंडहून आलेल्या पाहुण्यांना बांधावर न्यायचे. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर कोण खरं बोलतंय? "गेला की वो आबा, कायबी येत न्हाई," असंच सगळे सांगायचे. त्या भल्या माणसांचा मला अजून राग येतो.

आबांनी बाजरी पेरली. ती वीतभर वर आली, पिवळी पडली आणि वाळून गेली. मी गेलो तेव्हा आबा बांधावर बसून होते.

"समदी खोटं कशापायी बोलली वो?" त्यांनी विचारलं.

मुलाने रानात मुरूम पसरला आणि गेटवर राखणीला आबांनाच बसवलं. जाता-येता मी थांबायचो, पण जिवाणूंचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. एकदा पाहिलं तर आबा रांगत एका टँकरखाली शिरले होते आणि गळत्या नळाखाली पत्र्याचा डबा सरकवत होते. "खाली माती हाय, सायेब," एवढंच म्हणाले.

मागच्या उन्हाळ्यात आबा गेले. परवा मी तिथे उतरलो. टँकर ओळीने उभे होते आणि तेल थेट मुरमावर ठिबकत होतं.