घाटाआधी जेवायचं नाही

आधी पोट आणि मग लॉरी सांभाळणारा ड्रायव्हर साऱ्या खानदेशात एकच होऊन गेला, तो म्हणजे आमचा चाचा. नात्यानं माझा कुणी नव्हे. नंदुरबारच्या एकाच शेठच्या लॉऱ्या आम्ही दोघं हाकायचो, कापसाच्या गाठी भरून कधी सुरतेला, कधी धुळ्याला. बाकीचे ड्रायव्हर रस्ता मैलांनी मोजत, चाचा जेवणांनी मोजे. नवापूर किती लांब असं विचारलं तर म्हणे, एक भाकरी आणि दोन केळी. कोंडाईबारीचा घाट लागण्याआधी मूठभर फुटाण्यांपलीकडे काही खायचं नाही, भरल्या पोटी डोळा लागतो. घाट सरला की निंबाखाली फडकं पसरून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उडदाची डाळ आणि केबिनीत टांगलेल्या मडक्यातलं ताक. त्या मडक्यासाठी तो खड्डे असे चुकवी की मागे कापूस नव्हे, काचसामान आहे असं वाटावं. एकदा खुद्द शेठ केबिनीत होते, त्यांना सुरतेला पोचायची घाई. चाचानं वेळ झाली तशी लॉरी सावलीला घेतली आणि त्यांच्यापुढेही भाकरी ठेवली. शेठ रागावले, मग जेवले, मग तिथेच घोरायला लागले. पुढच्या खेपेला भाकऱ्या घेतल्यास ना, हे त्यांनीच विचारलं.

मी मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलाचा जावई. भजी, तर्रीचा रस्सा, वर कडक चहा. शेवटी पोटात अशी आग पडायला लागली की स्टिअरिंगवर वाकून बसायचो. डॉक्टरांनी लॉरी सोडायला सांगितलं. घरी दोन लहान मुली, शेत नाही, दुसरा धंदा येत नाही. नाक्यावर बसून हे चाचाला सांगितलं, तेव्हाही माझ्यापुढे भज्यांची बशी होती. चाचानं ती माझ्यापासून दूर सरकवली.

"गाडीमा रॉकेल टाकस का तू?" त्यानं विचारलं. "मंग पोटमा हाई तेल कसाले टाकस?"

दुसऱ्या दिवसापासून माझी लॉरी त्याच्या लॉरीमागे. तो थांबला की थांबायचं, तो देईल ते खायचं. त्याच्या घरून माझ्याही वाटच्या भाकऱ्या यायला लागल्या. ठेचा म्हणजे चाचाचा जीव, पण मला तो वर्ज्य म्हणून माझ्यासमोर त्यानंही खायचं सोडलं. मी आणखी एक चहा मागितला की तो मला सोडून हॉटेलवाल्यालाच दटावी. मी चिडायचो, कुरकुरायचो आणि मुकाट्यानं ताक प्यायचो. कापसाचा हंगाम सरता सरता आग विझली. लॉरी सुटली नाही.

थोरल्या मुलीच्या लग्नापर्यंत चाचाची नजर अधू झाली होती, त्याचंच स्टिअरिंग सुटलं होतं. मांडवात त्याचा हात धरून मी म्हणालो, हा मांडव तुमच्यामुळे उभा आहे. तो अवघडला.

"मन्हा कसाना उपकार? भाकऱ्या तुन्ही चाची थापे. तिले सांग."

चाची बायकांमध्ये बसली होती. तोवर मी तिला दारातूनच काय ती पाहिलेली. मला बघून ती उठली आणि मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, "आते पोट दुखस का, भाऊ?"

आता नाही दुखत, एवढंच मी म्हणालो. भाकऱ्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. आता दोघंही नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतोय.