मामाला चावलेला साप

नागापूरच्या लंकाबाईनं आयुष्यभर लग्नं जुळवली. फुकट जुळवली, पण खोटं सढळ हातानं बोलली. मुलाला फिट येत असली की तिच्या तोंडी तो ‘जरा विचारी’ व्हायचा. यावरून मी तिच्याशी भर मांडवात भांडले आहे.

तरी सत्त्याण्णव साली सावेडीच्या दवाखान्यात तिनं मलाच ओढत नेलं. “ताई, डॉक्टरीन वाकडं बोलली तर तुमी हाये भांडायला.”

तिच्या थोरल्या लेकीची, भारतीची, स्त्रीबीजं तिशीआधीच संपली होती. धाकटी प्रज्ञा, दोन लेकरांची आई, आपलं बीज बहिणीला द्यायला तयार होती. पुढचं सगळं पुण्याला व्हायचं होतं. त्याआधी डॉक्टर प्रणिताबाईंना प्रज्ञाच्या घराण्यातल्या आजारांची माहिती हवी होती. तिच्याकडून बाळात काही उतरायला नको, म्हणून.

झालं! लंकाबाईला वाटलं, स्थळच बघायला आलेत. पदर सावरून तिनं सासरचे आजार हौसेनं सांगितले. सासऱ्याचा दमा, नणंदेचं वेड, दिराची मूळव्याधसुद्धा. नवरा भिमाजी शेजारीच बसला होता.

“आणि तुमच्या माहेरी?”

“आमच्यात कुनाला कायबी न्हाई.”

“कोणी लहानपणी गेलं?”

“भाऊ. साप चावला.”

भिमाजी खाकरला. “दोन वर्सं चावत हुता व्हय गं त्यो साप?”

“तुमी गप बसा!”

“पोर पिवळं पडलं, पोट फुगलं, रक्त चढवाया किती खेपा घातल्या. साप तुझ्या लग्नाच्या बोलनीत निघाला.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. असा रक्ताचा दोष धडधाकट माणसातही लपलेला असतो, त्या म्हणाल्या. प्रज्ञात आणि भारतीच्या नवऱ्यात, दोघांतही निघाला, तर बाळाला तोच आजार होऊ शकतो.

पलीकडे बसलेली भारती आईकडे वळली. “माझं बाळबी असंच पिवळं पडंल का गं?”

लंकाबाईची जीभ अडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

“साप नव्हता,” ती म्हणाली. “रंगनाथ नाव त्याचं. माझ्या मांडीवर गेला. लिवून घ्या, बाई.”

रक्त तपासलं. प्रज्ञाच्या रक्तात दोष निघालाच. भारतीच्या नवऱ्याचं, तुषारचं, मात्र साफ. बाळाला तो आजार व्हायचा धोका नाही, पुण्याला जा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. भारती आईच्या गळ्यात पडून रडली.

रिक्षात बसेपर्यंत जीभ पूर्ववत झाली. “बघा, जावई कुनी निवडला?”

मी विचारलं, “त्याच्याबद्दल काय खोटं सांगितलं होतंस?”

“फकस्त उंची.”